डोक्यामागचा उजेड

आंधळ्या माणसाला पावलांच्या आवाजावरून माणूस ओळखता येतो, असं सगळे म्हणतात. आमच्या सुकदेवआप्पांना ते कधीच जमलं नाही. मी त्यांच्या दारात पाऊल टाकलं की म्हणायचे, "या गॅसवाले, बाटला आणला का?" आणि गॅसवाला आला की, "बसा बाई, चहा टाकायला सांगतो." चूक दाखवली तर कबूल करतील तर शपथ! "आज त्यानं चालच बदलली, मी काय करू?" असं वर आपल्यालाच ऐकवायचे.

सुरतेच्या लिंबायतमध्ये त्यांची खोली आणि आमची खोली यांच्यामध्ये एकच भिंत, आणि तीही अशी की तिकडं मिरचीची फोडणी पडली की इकडं आम्हाला ठसका लागायचा. मी मूळची चोपड्याची. लग्न होऊन सुरतेला आले आणि मराठी शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवायला लागले, म्हणून गल्लीतली लहानथोर सगळी मला 'बाई'च म्हणत. आप्पा धरणगावकडचे. उंच, हडकुळे, शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं. तरुणपणी काही वर्षं कापड विणायच्या लूमवर काढलेली, त्या खडखडाटात आवाज असा वाढला होता की माणूस गुपित सांगायलासुद्धा ओरडायचा. त्यांच्या घरातलं भांडण ऐकायला आम्हाला कधी भिंतीला कान लावावा लागला नाही.

लूम सोडून ते खाके करायला लागले होते. सुरतेत साड्यांवर टिकल्या आणि जरीचं काम होतं, त्याच्या आधी साडीवर नक्षी उतरवावी लागते. पातळ कागदावर नक्षी काढायची, तिच्या रेघेवरून सुईनं बारीक भोकं पाडत जायचं, तो कागद म्हणजे खाका. खाका साडीवर ठेवायचा, रॉकेलमध्ये कालवलेली पावडर बोळ्यानं वरून फिरवायची. कागद उचलला की साडीवर नुसत्या ठिपक्यांचा मोर, नुसत्या ठिपक्यांची वेल. त्या ठिपक्यांवर बायका घरोघरी टिकल्या चिकटवत बसायच्या. आप्पांची बायको नर्मदाबाई, म्हणजे आमची जिजी, ही त्यातलीच एक. नवरा भोकं पाडणार, बायको ती भरणार, असा त्यांचा संसार.

डोळे कसे गेले ते आप्पा स्वतःच सांगायचे, आणि कुणी न विचारता सांगायचे. गुजरातमध्ये दारूबंदी. म्हणजे दारू मिळते, फक्त ती कशाची केली आहे ते विचारायची बंदी. एका दोस्ताच्या हळदीत आप्पांनी गावठी दारूची पोटली घेतली. त्याच दारूनं दोघंतिघं जिवानिशी गेले. आप्पा वाचले, पण डोळ्यांपुढं आधी धुकं आलं आणि मग ते धुकंही दिसेनासं झालं. "लपवायचं काय त्यात बाई? माझ्या हातानं प्यालो," म्हणायचे. त्यानंतर थेंबाला शिवले नाहीत. जिजीनं मात्र त्यांना ते कधी विसरू दिलं नाही, भाजीत मीठ कमी पडलं तरी तिथपर्यंत जायची.

गंमत म्हणजे डोळे दिसायला अगदी ठणठणीत! काळेभोर, पाणीदार. डॉक्टरांनी सांगितलेलं, डोळा चांगला आहे, पण डोळ्याकडून मेंदूकडं जाणारी नस त्या विषानं जळाली. वस्तीत कुणी नेत्रदानाची माहिती सांगायला आले की आप्पा खाटेवरून ओरडायचे, "बल्ब चांगला आहे हो माझा, वायर जळाली! वायरचं दान घेता का?" बिचारे ते लोक पत्रकं सावरत पुढं सटकायचे.

आंधळे झाल्यावरही त्यांनी खाके सोडले नाहीत. नक्षी काढणारा मुलगा कागदावर बॉलपेन दाबून फिरवायचा, त्या खोलगट रेघेवरून आप्पा डाव्या हाताचं नख सरकवत आणि मागोमाग उजव्या हातानं सुई टोचत. कधीकधी मोराची मान वाकडी व्हायची. मग काम देणारा शेठ बोंब मारायचा, आणि आप्पा म्हणायचे, "मोरानं मान वळवली असेल."

आता ज्या दिवसासाठी मी हे सगळं लिहायला बसले तो दिवस. चौऱ्याण्णवचा प्लेग होऊन गेल्यानंतरचा काळ. शहर घासूनपुसून लख्ख झालेलं, आमच्या गल्लीतसुद्धा रोज झाडूवाले यायला लागलेले. सकाळची माझी शाळेची घाई, वेणी अर्धी घातलेली, आणि पलीकडं ठण्णकन आवाज झाला. पाठोपाठ जिजीची किंकाळी. आणि त्याच्या पाठोपाठ आप्पांचं हसणं! मी एका पायात चप्पल घालून धावले.

आप्पा जमिनीवर बसले होते. माळ्याखालून तांदळाचा डबा काढून उठताना लोखंडी कडा डोक्याच्या मागच्या बाजूला बसली होती. हाताला रक्त लागलेलं, जिजी हळद शोधत सैरावैरा धावत होती, आणि हा माणूस हसत होता. हसता हसता डोळ्यांतून पाणी.

"गॅसवाले!" माझ्या पावलांच्या रोखानं ते ओरडले, "गॅसवाले, उजेड दिसला!"

"मी आहे आप्पा."

"कुणी का असेना! उजेड दिसला बाई! काजवे, चार-पाच काजवे! डावीकडून आले, वर गेले आणि विझले. अवं, आठे ये, ऐक ना! माले उजेड दखायना!" हर्षानं ते जिजीशी घरच्या अहिराणीत बोलायला लागले; दखायना म्हणजे दिसला.

"येडा व्हई ग्यात का काय?" जिजी हळद दाबत म्हणाली.

मी आपली शाळेतल्या आवाजात समजूत घालायला लागले. "आप्पा, डोकं आपटलं की सगळ्यांच्याच डोळ्यांपुढं काजवे चमकतात."

"सगळ्यांचे डोळे चालू असतात!" आप्पांनी माझा हात घट्ट धरला. "माझी वायर जळाली ना? पुढून काही येतच नाही ना? मग हा उजेड आला कुठून? सांगा!"

चौथीच्या पुस्तकात काही याचं उत्तर नव्हतं. शाळेत पोचायला उशीर झाला, मुख्याध्यापक बोलले, आणि मी दिवसभर फळ्यावर भागाकार चुकत होते.

पुढचे काही दिवस गल्लीत नुसता धिंगाणा. येईल त्याला आप्पा म्हणायचे, "मागं एक टपली मारा हो. जोरात. लाजू नका." गॅसवाला तर बाटला दारातच ठेवून पळाला. एका रिक्षावाल्यानं मात्र आनंदानं ठेवून दिली. आप्पा म्हणाले, "छ्या, हात हलका आहे तुझा." जिजीच्या डोक्यावरून पाणी गेलं. तिनं जुन्या साडीच्या तुकड्यांची एक टोपी शिवली, मागच्या बाजूला मूठमूठ कापूस भरून. दिसायला ती टोपी म्हणजे उशीचं पिल्लू. जिजी ती त्यांच्या डोक्यावर दाबून बसवायची आणि आप्पा ती काढून फेकायचे. दिवसातून कितीदा ते मी भिंतीपलीकडून ऐकायचे.

नेमकं त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत ते पेपरात आलं. रविवारची दुपार. आप्पांना पेपर वाचून दाखवायचं काम माझ्याकडं. पेपर गुजराती, मी वाचता वाचता मराठीत सांगत जायची. सोन्याचे भाव झाले, राशिभविष्य झालं आणि पुरवणीच्या कोपऱ्यात एक लहानशी बातमी. परदेशातल्या डॉक्टरांनी आंधळ्या माणसाच्या मेंदूवर, डोक्याच्या मागच्या बाजूला, केसासारख्या बारीक तारा बसवल्या. एका तारेतून जरासा करंट सोडला की त्या माणसाला एक ठिपका दिसतो, उजेडाचा ठिपका. दुसऱ्या तारेतून सोडला की दुसऱ्या जागी दुसरा. डोळ्यांचा संबंधच नाही.

मी वाक्य पुरं करायच्या आत आप्पा उभे राहिले. माणूस काय उडाला! चहाचा कप एकीकडं, बशी एकीकडं.

"परत वाचा."

मी परत वाचलं.

"डोक्याच्या मागं? मागंच लिहिलंय?"

"मागंच लिहिलंय."

"ठिपके म्हणतात?"

"ठिपके."

"बाई!" ते ओरडले. "हा तर खाका आहे! अहो, ते मेंदूवर खाका ठेवून राहिलेत! भोकाभोकातून उजेड उतरणार! सगळा जन्म मी दुसरं काय केलं?"

मला इतका आनंद झाला की मीही ओरडायला लागले. आमचे हे पलीकडून धावत आले, त्यांना वाटलं साप निघाला. जिजी तेवढी टिकल्यांच्या पाटाजवळून उठली नाही. तिनं एकच विचारलं, "तारा बसवतात म्हंजे डोकं उघडतात?"

"उघडत असतील," आप्पा हळूच म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा हळू.

"डोकं उघडायचं नाही. आते सांगी ठेवस," जिजी म्हणाली आणि परत टिकल्या लावायला लागली. एकदा पोटलीनं मरता मरता वाचलेला नवरा होता तो तिचा. दवाखान्याच्या व्हरांड्यात तिनं तेव्हा काय काढलं असेल ते तिलाच ठाऊक. मला दोघांचंही पटत होतं, आणि त्यामुळं मला दोघांचाही राग येत होता.

दुसऱ्या दिवशी जिजीनं तो पेपर फडताळात डब्यांखाली अंथरून टाकला. आप्पांनी हार मानली नाही. ते मला फडताळापुढं बसवायचे, मी डाळीचा डबा सरकवून मान तिरकी करून ती बातमी वाचायची. हळूहळू डब्यांचे तेलकट गोल त्या अक्षरांवर उमटले, पण तोवर मला ती पाठ झाली होती.

आणि मग आप्पांनी तयारी सुरू केली. हो, तयारी! ऑपरेशनचा पत्ता नाही, डॉक्टरचा पत्ता नाही, आणि हा माणूस सरावाला लागला. त्यांचं म्हणणं असं, की उद्या डोक्यात ठिपके उतरले तर ते किती उतरतील? साडीसारखे हजारो काही उतरणार नाहीत. थोडेच उतरतील. मग थोड्या ठिपक्यांत जग ओळखायला आधीपासून शिकायला नको?

दुपारी खिडकीला गोधडी लावून खोलीत अंधार करायचे. एका खोक्यात बल्ब पेटवलेला, खोक्याच्या तोंडावर आप्पांनी टोचलेला खाका. अंधारात नुसते ठिपके चमकायचे, आणि आम्ही डोळस लोकांनी ओळखायचं हे काय आहे ते. आप्पा भोकं कमी कमी करत जायचे. गल्लीतल्या बायका टिकल्यांचं काम टाकून यायच्या. काय ते अंदाज! केटलीला हत्ती म्हटलं, सायकलीला चष्मा म्हटलं. त्यांच्या लाडक्या मोराला सगळ्यांनी एकमतानं कोंबडी ठरवलं तेव्हा आप्पा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

एकदा मी विचारलं, "आप्पा, समजा खरंच दिसायला लागलं, तर पहिलं काय बघायचंय?"

मला वाटलं होतं तापी म्हणतील, नाहीतर एखादी जरीची साडी. ते म्हणाले, "दार. दार कुठं आहे ते. आणि त्यात कुणी उभं आहे का, एवढं कळलं तरी बस. कोण आहे ते मी ओळखीन."

"तुम्ही ओळखाल?" मी म्हटलं. "मला गॅसवाला म्हणणारे तुम्ही?"

ते खो खो हसले. पण दुसऱ्या दिवसापासून एकच खाका टोचत बसले. कागद वाया घालवत, बोटं टोचून घेत, कितीतरी दिवस. मग एका दुपारी आम्हाला बोलावलं, गोधडी लावली, बल्ब लावला. उभ्या दोन रेघांसारखे थोडे ठिपके, वर आडवे थोडे, आणि मधे वाकडेतिकडे मोजकेच.

"दरवाजा आहे," मी म्हटलं.

"दारात एक बाई उभी आहे," कुणीतरी म्हणालं.

जिजी नळावरून बादली भरून येत होती. ती उंबऱ्यातच थांबली, कंबर एका बाजूला टाकून, बादली त्या हातात. तिनं त्या ठिपक्यांकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"ही मीच ना?" ती म्हणाली. "बादली घेतलेली."

आप्पांनी नुसती मान हलवली, तीही चुकीच्या दिशेला. जिजीनं बादली खाली ठेवली आणि पदरानं तोंड पुसलं. घामच पुसला असेल, पण मला तिथं बसवेना. मी दूध उतू जाईल म्हणून घरी पळाले, आणि गॅसवर दूध नव्हतंच.

त्यानंतर आठवड्याभरात जिजी स्वतःहून माझ्याकडं आली. म्हणाली, मोठ्या दवाखान्यात मेंदूची तपासणी करतात म्हणे. तपासणी करायला हरकत नाही. डोकं उघडायचं नाही, पण आतलं बघण्याचं ठिकाण जिवंत आहे का मेलं, एवढं विचारून येऊ. "ह्यांच्या जिवाला घोर लागलाय. हो का नाही ते एकदा कळू दे." मी शाळेतून रजा घेतली.

आम्ही तिघं रिक्षानं निघालो. आप्पांनी धुतलेला शर्ट, दाढी घोटून, केसाला तेल. तेल बघून तिथली डॉक्टरीण आधी हसली आणि मग तिनं नर्सला डोकं पुसायला सांगितलं. तरुण मुलगी, बोलायला गोड. आप्पांनी तिला माळ्याच्या कडेपासून पेपरातल्या बातमीपर्यंत सगळं ओरडून सांगितलं, शेजारच्या खोलीतले पेशंटसुद्धा डोकावून गेले. तिनं सगळं ऐकून घेतलं.

मग आप्पांना खुर्चीवर बसवलं. डोक्याच्या मागच्या बाजूला चिकट मलम लावून दोनतीन तारा चिकटवल्या. डोळ्यांपुढं एक दिवा ठेवला, तो फटाफट उघडमीट होणार होता. खोलीत अंधार केला.

"काका, हालशो नहीं हं," ती म्हणाली.

तारा डोक्याला लागल्या आणि आप्पांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट झाले. जिजीनं माझा दंड असा पकडला की दुसऱ्या दिवशी निळा झाला होता. मशीन सुरू झालं. दिवा लुकलुकायला लागला. थोडा वेळ काहीच नाही.

आणि मग आप्पा ओरडले, "आला! आला!"

"काका, शांति!"

"डावीकडं आला! ठिपका! अजून एक, वर! निळा आहे... बाई, निळा आहे हो!"

अहो, काय सांगू! मी अंधारात टाळ्या वाजवल्या. जिजी मोठ्यानं रडायला लागली आणि रडता रडता म्हणाली, "बघा, बघा, नीट बघी घ्या!" मला वाटलं झालं, आपल्या सुरतेत झालं, आपल्या लिंबायतच्या माणसाला झालं. मी मनातल्या मनात गल्लीत पेढे वाटूनसुद्धा आले.

डॉक्टरणीनं खोलीतला दिवा लावला. ती मशीनच्या कागदाकडं बघत होती. तिच्या तोंडावर आमच्यासारखा आनंद नव्हता.

"काका," ती म्हणाली, "ये वायर कुछ देते नहीं हैं. करंट नहीं है इस में. ये तो खाली सुनते हैं, अंदर क्या चलता है वो."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. टाळ्या वाजवलेले माझे हात मी पदराखाली घेतले. पेपरातल्या तारा वेगळ्या, ह्या तारा वेगळ्या, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. तार बघितली आणि करंट येणार असंच आम्ही धरून चाललो होतो.

आप्पांनी विचारलं, "समोरचा दिवा?"

"उस का भी नहीं पहुँचा. आँख का रास्ता बंद ही है, काका."

"म्हणजे बाहेरून काहीच आलं नाही."

"कुछ नहीं."

"मग मी बघितलं ते काय?"

तेव्हा ती हसली. स्टूल ओढून त्यांच्यापुढं बसली आणि समजावून सांगायला लागली, अर्धं हिंदीत अर्धं गुजरातीत. मागच्या बाजूला मेंदूत जे बघण्याचं ठिकाण आहे, त्याच्याकडं वर्षानुवर्षं निरोपच आला नाही की ते कधीकधी आपणहून दिवे लावतं. आज काका आस लावून बसले होते, तेव्हा लागले. डोकं आपटलं तेव्हा लागले. तपासणीच्या कागदावर ते लिहून देता येणार नाही, पण तिचं मत विचाराल तर, मेलेलं ठिकाण दिवे लावत नाही.

आप्पांनी मग मांडीवर अशी थाप मारली की एक तार निघाली.

"नर्मदा! करंट घरचाच आहे! ऐकलं का? बाहेरून एक थेंब नाही, सगळा घरचा!"

डॉक्टरीणसुद्धा हसायला लागली, आणि जिजी रडतच होती, पण आता तिचं रडणं मला कळेनासं झालं होतं. आप्पांनी लगेच विचारलं, "मग माझं नाव लिहून घ्या. त्या तारा बसवायला."

"यहाँ कोई नहीं करता, काका. बाहर भी अभी आजमाइश ही चलती है."

"कधी होईल?"

"दस साल, बीस साल. ज्यादा भी. झूठ नहीं बोलूँगी."

परत येताना रिक्षात आप्पा सहारा दरवाज्यापर्यंत गप्प बसून होते. मी मनात म्हटलं, आता हा माणूस मोडला. इतका चेव आलेला माणूस मोडला की मग काही खरं नसतं. जिजी दुसरीकडं तोंड करून बाहेर बघत होती. तेवढ्यात आप्पा तिला म्हणाले, "पिशवीत टोपी आहे का?"

"कसली टोपी?"

"ती कापसाची. दे."

"आता का? रोज तं फेकत होते."

"आतलं सामान चालू आहे," आप्पा म्हणाले. "वीस वर्षं सांभाळायचंय. फुटायला नको."

तिथंच रिक्षात त्यांनी ती घातली, सरळ करून, मागचा कापूस नीट जागेवर आणून. आणि नंतर कधी काढली नाही. उन्हाळ्यात घाम गळायचा, पोरं हसायची, शेठ चिडवायचा. आप्पा म्हणायचे, "तुमचं सोनं तिजोरीत, माझं टोपीत." टपल्या मागणं बंद. उलट कुणी मागून नुसता हात नेला तरी डाफरायचे. खाक्यांचा खेळ मात्र चालू राहिला. मोराला शेवटपर्यंत कुणी मोर म्हटलं नाही.

काही वर्षांनी जळगावच्या शाळेत माझी सोय झाली आणि आम्ही सुरत सोडली. आजही पेपर आला की मी आधी आतली पानं उघडते. डोळे, मेंदू, तारा असं काही दिसलं की कात्री घेते. आमचे हे म्हणतात, "तुला काय आता डॉक्टर व्हायचंय?" मी लक्ष देत नाही.

सुरतेहून निघालो त्या दिवशी आप्पा आणि जिजी उधना स्टेशनवर सोडायला आले होते. सामान चढवलं, आम्ही खिडकीशी बसलो. आप्पा शेजारच्या डब्याच्या खिडकीपुढं उभे राहून म्हणत होते, "बाई, सांभाळून जा. पोचल्यावर कळवा." आतला परका मारवाडी म्हातारा बिचारा "जी, जी" करत होता. मी हाक मारली तेव्हा इकडं आले आणि म्हणाले, "गर्दीत आवाज फिरतो."

आप्पा आमच्या ह्यांच्याशी बोलत होते तेवढ्यात जिजी माझ्या खिडकीशी आली. गजाला धरून हळूच म्हणाली, "बाई, तिकडच्या पेपरात काही आलं तं लिहून धाडजा बरं."

मी तिच्याकडं बघतच राहिले. हिनं तो पेपर डब्यांखाली घातला होता!

"डोकं उघडू देशील?" मी विचारलं.

तिनं एकदा आप्पांकडं बघितलं. मग म्हणाली, "रोज दारात उभी असते मी. बघू देत एकदा."

तेवढ्यात शिट्टी झाली आणि गाडी हलली. आप्पांनी गाडीचा आवाज ऐकला आणि गर्रकन वळले. वळले ते आमच्याकडं पाठ करून! मला वाटलं नेहमीसारखे चुकले. "आप्पा, इकडं!" मी ओरडले.

"माहीत आहे!" ते तिकडं तोंड करून त्यांच्या त्या लूमवाल्या आवाजात ओरडले. "ह्या मागच्याच बाजूनं दिसणार आहे ना!"

जिजीनं त्यांना वळवलं नाही. ती हसली, हात वर केला आणि त्यांच्या डोक्यावरची कापसाची टोपी काढून घेतली. आप्पा आमच्याकडं पाठ करून उभे, दोन्ही हात वर हलवत, आणि शेजारी जिजी ती टोपी छातीशी धरून. प्लॅटफॉर्म संपेपर्यंत मी खिडकीतून त्या उघड्या डोक्याच्या मागच्या बाजूकडं बघत हात हलवत राहिले.